फळ्यावरचा समुद्र

डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये जेवढी जागा उरली होती तेवढ्यात ते गाव कोंबून बसवलेलं होतं. एक लांबलचक रस्ता, त्याच्या एका अंगाला ओळीनं लॉज, दुसऱ्या अंगाला बाकं आणि बाकांपुढं वाळू, एवढाच त्याचा पसारा. लॉजच्या मागच्या खोल्यांची खिडकी उघडली की हाताच्या अंतरावर कडा. त्या खोल्यांना 'डोंगरदर्शन' म्हणत आणि दगडमाती आत येते म्हणून खिडक्या बंद ठेवत. पुढच्या खोल्यांना 'समुद्रदर्शन' म्हणत. त्यांच्याही खिडक्या बंदच, कारण खाली रस्त्यावर दिवसभर कर्णा ओरडत असायचा.

या गावात एक दुखरी गोष्ट होती आणि ती कुणी बोलून दाखवत नसे. डोंगरमाथ्यावरचा बर्फ वितळून तीन ओढे थेट गावापुढच्या खाडीत उतरत, त्यामुळं समुद्राचं पाणी ऐन उन्हाळ्यातही असं गार असायचं की पाय घातला तर घोटे कुणी चिमट्यात धरल्यासारखे वाटत.

हे पाणी मोजायला नगरपालिकेनं एक माणूस ठेवला होता. हुद्दा जलमापक. रोज सकाळ-संध्याकाळ धक्क्याच्या टोकाला जायचं, पितळी नळीतला थर्मामीटर दोरीनं पाण्यात सोडायचा, अंश वाचायचे आणि रस्त्याच्या मध्यावर उभ्या केलेल्या काळ्या फळ्यावर खडूनं लिहायचे. गाव त्यांना डिग्रीवाले म्हणायचं. शाळा त्यांनी नववीत सोडली होती, त्यामुळं या नावात थोडा कुजकटपणा होता. पण रोज दोन डिग्र्या देणारा माणूस गावात दुसरा नव्हता, म्हणून त्यांनीही ते नाव अंगाला लावून घेतलं.

पहिली पंधरा वर्षं डिग्रीवाल्यांनी ते काम अगदी नाकासमोर बघून केलं. नळी बुडाली की मनात एकशेवीस आकडे मोजायचे, मग परत एकशेवीस. वर काढली की गुडघे वाकवून पारा डोळ्यांच्या बरोबर रेषेत आणायचा. अर्धा अंशसुद्धा सोडायचा नाही. फळ्यावर कधी सोळा, कधी साडेसोळा, उन्हाळा सरता सरता फार तर एकोणीस. ते वाचून पाहुणे बाकांवर बसायचे, समुद्राकडं बघत आइसक्रीम खायचे आणि आठ दिवसांनी घरी जायचे.

मग दोरी जीर्ण झाली. डिग्रीवाल्यांनी नव्या दोरीसाठी अर्ज केला. कचेरीतून उत्तर आलं की जुन्या दोरीचा हातभर नमुना सोबत जोडावा. त्यांनी नमुना कापून जोडला. उरलेली दोरी आखूड पडली, म्हणून तिला घरातल्या सुतळीची गाठ मारली. तिसऱ्या दिवशी गाठ सुटली आणि थर्मामीटर नळीसकट समुद्राच्या तळाशी गेला. त्यांनी दुसऱ्या थर्मामीटरसाठी अर्ज केला. शेरा आला, 'वस्तू पालिकेच्या हद्दीतच असल्यानं ती हरवली असं म्हणता येत नाही.'

तोवर फळा कोरा ठेवून चालणार नव्हतं. डिग्रीवाले धक्क्याच्या पायऱ्या उतरून पाण्यात हात घालू लागले आणि अंदाजानं सतरा लिहू लागले.

त्यांचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, एकोणीस खोल्यांच्या लॉजचा मालक आणि लॉजमालकांच्या मंडळाचा अध्यक्ष. तो एके दिवशी फळ्यापाशी येऊन उभा राहिला.

"भाऊजी, थर्मामीटर तर बुडाला ना? मग सतराच कशावरून?"

"अंदाजानं."

"अंदाजच करायचा तर जरा मोकळ्या हातानं करा की. कुणाच्या खिशातून जातंय?"

डिग्रीवाल्यांनी दुसऱ्या दिवशी एकोणीस लिहिलं. काही झालं नाही. आभाळ कोसळलं नाही, कचेरीतून विचारणा आली नाही. उलट चार माणसं पाण्यात उतरली. पुढच्या वर्षी पलीकडच्या गावानं आपल्या फळ्यावर बावीस लिहिलं, तेव्हा यांना तेवीस लिहावं लागलं. असं करत करत आकडा सव्वीसवर जाऊन बसला आणि तिथंच मुक्कामाला राहिला. सत्तावीस लिहिलं तर हावरट दिसेल, असं मेहुण्याचं मत पडलं. या गोष्टीत तो फार सूक्ष्म विचार करायचा.

आता खरी मजा पाहुण्यांची. ते फळा वाचायचे, अंगावर टॉवेल टाकून ऐटीत पाण्यात शिरायचे आणि छातीपर्यंत पाणी आलं की श्वास अडकून एकमेकांकडं बघायचे. समोरचा काही बोलत नाही असं दिसलं की आपणही बोलायचे नाहीत. एक धिप्पाड ठेकेदार दरवर्षी सहकुटुंब यायचा. तो पाण्यातून बाहेर आला की त्याचे ओठ जांभळे आणि दात असे वाजत की शेजारच्या बाकावर ऐकू यावेत.

"कोमट आहे," तो म्हणायचा.

"मला जरा गार वाटलं," त्याची बायको म्हणायची.

"तुला काय, भर दुपारी पण गार वाटतं. फळा वाच."

ज्यांना फारच थंडी वाजे ते गावातल्या डॉक्टरांकडं जात. डॉक्टर नाडी बघायचे, जीभ बघायचे, मग गंभीरपणे म्हणायचे, "सव्वीस अंशात हुडहुडी भरते म्हणजे दोष पाण्यात नाही." आणि रक्ताभिसरणाची एक लाल बाटली हातात ठेवायचे. त्या बाटल्यांच्या जोरावर दवाखान्यावर दुसरा मजला चढला.

डिग्रीवाल्यांना सुरुवातीला ओशाळल्यासारखं व्हायचं. पण ओशाळेपणाचीही सवय होते. काही वर्षांनी ते पायऱ्या उतरेनासे झाले. खुर्चीत बसूनच आकडा लिहायचे, आणि कुणी विचारलं तर वर तपशीलही द्यायचे, "काल पंचवीस पूर्णांक आठ होतं, आज थोडं चढलंय." हे सांगताना त्यांना स्वतःला ते खरं वाटायचं.

खरं काय ते त्यांच्या बायकोला ठाऊक होतं. ती भावाच्या लॉजवर चादरी-टॉवेलांचं खातं सांभाळायची. उन्हानं रस्त्यावरचं डांबर चिकट झालेलं असताना संध्याकाळी खोल्याखोल्यांतून माणशी दोन-दोन ब्लँकेटांची मागणी यायची. ती ब्लँकेटं काढून द्यायची, सकाळी वाळत घालायची आणि तोंडातून अवाक्षर काढायची नाही. लॉज भावाचा, फळा नवऱ्याचा. बोलायचं कुणाला?

अशी बारा वर्षं गेली. तेराव्या उन्हाळ्यात एक बाई एकट्याच आल्या आणि मेहुण्याच्या लॉजवर उतरल्या. साठीच्या, बारीक, केस कापलेले. कुठल्याशा मोठ्या शहरात त्यांचं शोभेच्या माशांचं दुकान होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या अंगाभोवती टॉवेल गुंडाळून, निथळत, तशाच फळ्यापाशी आल्या.

"हे तुम्ही लिहिता?"

"हो," डिग्रीवाले खुर्चीतून म्हणाले.

"कुठल्या पाण्याचा आकडा आहे हा?"

"म्हणजे काय?"

"समोरच्या समुद्राचा तर नाही, म्हणून विचारलं."

डिग्रीवाल्यांनी नेहमीचं सुरू केलं. "बाई, काही लोकांना रक्ताभिसरणाचा त्रास—"

"तुमच्या डॉक्टरांकडं जाऊन आले. त्यांनी बाटली दिली. ती बाटलीसुद्धा समुद्रापेक्षा गरम आहे." त्यांनी आपले दोन्ही हात पुढं केले. कातडी सुरकुतलेली, नखं पांढरीफटक. "चाळीस वर्षं हे हात पाण्यात आहेत. सव्वीस म्हणजे काय ते माझ्या मनगटांना कळतं. मासा चुकीच्या पाण्यात सोडला तर सकाळी पोट वर करून तरंगतो. तो फळा वाचत नाही."

डिग्रीवाल्यांनी हातावरची खडूची पूड झटकली.

"थर्मामीटर कुठाय तुमचा?"

बारा वर्षांत हा प्रश्न त्यांना एकाही माणसानं विचारला नव्हता. ठेकेदारानं नाही, डॉक्टरांनी नाही, दर उन्हाळ्यात बाकांवर बसून देशाचा कारभार सुधारणाऱ्या निवृत्त अधिकाऱ्यांनीही नाही. डिग्रीवाल्यांनी बोट समुद्राकडं केलं.

"कधीपासून?"

"झाली बारा वर्षं."

बाई हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. लॉजवर गेल्या आणि कपडे बदलून परत आल्या. हातात काचेचा एक लहानसा थर्मामीटर होता, टाकीत बुडवून ठेवायचा, वर रबरी टोपण असलेला. "हा ठेवा. प्रवासात सोबत घेऊन फिरते मी, खोड आहे. दुकानात आणखी ढीगभर आहेत." आणि त्या नाश्त्याला निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे डिग्रीवाले धक्क्याच्या टोकापर्यंत चालत गेले. मधल्या काळात धक्का लांब झाला असावा असं त्यांना वाटलं. बायकोनं दिलेल्या कपडे वाळत घालायच्या दोरीला थर्मामीटर बांधला, पाण्यात सोडला, एकशेवीस मोजले, परत एकशेवीस मोजले, गुडघे कुरकुरत असताना वाकून आकडा डोळ्यांसमोर आणला. साडेसोळा. त्यांनी तीनदा मोजलं. तिन्ही वेळा साडेसोळाच. अर्ध्या अंशाची खात्री म्हणजे काय सुख असतं ते त्यांना आठवलं. मग ते फळ्यापाशी गेले, सव्वीस पुसलं आणि साडेसोळा लिहिलं. आकडा जरा वाकडा आला तो खडूमुळं, असं त्यांनी नंतर बायकोला सांगितलं.

दहा वाजेपर्यंत फळ्यापुढं ही गर्दी. पाण्यात असलेल्या लोकांपर्यंत आकडा पोचला तशी ती माणसं किंचाळत बाहेर पळाली, जणू पाणी त्याच क्षणी गार झालं होतं. पंधरा दिवस रोज डुंबणारे एक प्राध्यापक बाकावर आडवे झाले आणि आपल्याला कुणी आधी का सांगितलं नाही असं क्षीण आवाजात विचारत राहिले. ठेकेदार लाल झाला होता.

"मी पहिल्या दिवसापासून सांगतोय गार आहे म्हणून."

"तुम्ही कोमट म्हणाला होतात," बायको म्हणाली.

दुपारी दवाखान्यात लाल बाटल्या परत करायला रांग लागली, आणि दुपारनंतर डिग्रीवाल्यांना मुख्याधिकाऱ्यांचं बोलावणं आलं.

"हा साडेसोळाचा आकडा कशावरून?" साहेबांनी विचारलं.

"मोजून, साहेब."

"कशानं?"

"थर्मामीटरनं."

"आपल्याकडं थर्मामीटर नाही."

"नाही. तो एका बाईंनी दिला."

"म्हणजे खाजगी उपकरण वापरून तुम्ही पालिकेच्या फळ्यावर लिहिलंत."

"साहेब, बारा वर्षं मी उपकरणाशिवायच लिहीत होतो."

"त्याबद्दल एकही तक्रार नव्हती," साहेब म्हणाले.

संध्याकाळी मेहुणा घरी आला. तो आरडाओरडा करणाऱ्यातला नव्हता. त्यानं खुर्ची ओढून घेतली, चहाचा कप हातात घेतला आणि बहिणीकडं वळला.

"ताई, आज सहा खोल्या रिकाम्या झाल्या. तूच समजाव भाऊजींना. एका आकड्यापायी सगळ्या गावाच्या पोटावर पाय."

बायको ब्लँकेटाला ठिगळ लावत बसली होती. तिनं सुई खाली ठेवली.

"उन्हाळ्यात माणशी दोन ब्लँकेटं धुते मी. बारा वर्षं धुतेय. मला कुणी समजावलंय कधी?"

मेहुण्यानं कप अर्धाच ठेवला आणि उठला.

पुढचे चार दिवस वाईट गेले. लॉज एकेक करून ओस पडू लागले. पाववाल्यानं डिग्रीवाल्यांना शिळे पाव बांधून दिले. न्हाव्यानं अर्धी दाढी झाल्यावर हात थांबवून सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं विचारलं, "मग, आमची मुलं काय खडू खाणार का?" एका सकाळी डिग्रीवाल्यांनी सव्वीसमधला दोन लिहिलाही, बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिले, मग पुसला आणि सोळा लिहिलं, कारण त्या दिवशी सोळा होतं. माशांच्या दुकानवाल्या बाई या सगळ्यात रोज सकाळी नेमानं पाण्यात उतरत होत्या. चौथ्या दिवशी त्यांची सुट्टी संपली. जाताना त्या फळ्यापाशी थांबल्या, म्हणाल्या, "आता बरोबर आहे," आणि बसमध्ये चढल्या.

पाचव्या दिवशी गंमत झाली. ठेकेदार अजून गेला नव्हता. तो बाकावर बसून नव्यानं आलेल्या दोन कुटुंबांना सांगत होता, "सव्वीसमध्ये काय, कुणीही पोहतं. मी पंधरा दिवस साडेसोळात पोहलोय. छाती लागते त्याला." ऐकणारे डोळे विस्फारून बघत होते, आणि त्यांच्यातला एक उठून शर्टाची बटणं काढू लागला. मेहुणा लॉजच्या दारातून हे बघत होता. तो आत गेला आणि मंडळाच्या सगळ्या सभासदांना निरोप धाडले.

आठवड्याच्या आत रस्त्याच्या दोन्ही टोकांना कापडी फलक लागले, 'हिमजल उपचार.' खाली डिग्रीवाल्यांचा फोटो, हातात थर्मामीटर धरून. डॉक्टरांनी लाल औषध हिरव्या बाटल्यांत भरलं आणि सांगायला सुरुवात केली, "साडेसोळात ज्याला थंडी वाजत नाही त्याचं रक्त दाट झालंय, वेळीच बघायला हवं." लॉज भरले. ब्लँकेटं माणशी तीन लागू लागली. निळेकाळे पडलेले लोक पाण्यातून बाहेर येऊन एकमेकांचे फोटो काढू लागले. पाववाला स्वतःहून ताजे पाव घरी पोचवायला लागला.

आपला खरेपणा जिंकला असं डिग्रीवाल्यांना वाटलं. ते फळ्यापाशी नवा शर्ट घालून बसू लागले. हे सुख त्यांना नऊ दिवस मिळालं.

दहाव्या दिवशी मेहुणा आला. "भाऊजी, पलीकडच्या गावानं कालपासून पंधरा लिहायला घेतलंय."

"त्यांच्याकडं एकही ओढा उतरत नाही. त्यांचं पाणी आपल्यापेक्षा चार अंश तरी गरम असणार."

"असेल. पण फळा गार आहे ना. तुम्ही चौदा लिहा."

"आज सतरा आहे."

"सतरा कोण येतं बघायला?"

"सतरा आहे म्हणजे सतरा आहे," डिग्रीवाले म्हणाले. एवढं ठासून ते आयुष्यात बोलले नव्हते.

पंचाईत अशी झाली की उन्हाळा सरत आला होता, आणि दरवर्षी या दिवसांत पाणी थोडं तापायचं. सतराचं साडेसतरा झालं, मग अठरा. फळ्यावर अर्धा अंश चढला की लॉजमालकांची तोंडं आणखी लांब व्हायची. गावाचा कुणी दुष्मन असावा तसं लोक डिग्रीवाल्यांकडं बघू लागले. समुद्र तापवायला हेच रात्रंदिवस शेगडी घेऊन बसलेत, असा सगळ्यांचा आविर्भाव. न्हाव्यानं तर त्यांना खुर्चीच दिली नाही.

अखेर मुख्याधिकाऱ्यांनी तोडगा काढला. बारा वर्षांपूर्वीचा अर्ज दोन दिवसांत मंजूर झाला आणि कचेरीतून नवा थर्मामीटर आला, लाकडी पेटीत, मोहोर लावून. डिग्रीवाल्यांनी तो पाण्यात सोडला. चौदा. उन्हात धरला. चौदा. घरी नेऊन बायकोच्या चहाच्या कपात बुडवला, तरी चौदा. पारा नळीत अडकला होता.

"बिघडलेला आहे, साहेब," त्यांनी कचेरीत जाऊन सांगितलं.

"तो अधिकृत आहे," साहेब म्हणाले. "यापुढं याच उपकरणानं मोजायचं. इथं सही करा."

डिग्रीवाल्यांनी सही केली नाही. का केली नाही, हे त्यांना साहेबांना नीट सांगता आलं नाही. सव्वीस ज्यानं बारा वर्षं लिहिलं त्याला चौदाचं एवढं का वाटावं, असं साहेबांनी विचारलंसुद्धा. प्रश्न बिनतोड होता. डिग्रीवाल्यांनी थर्मामीटरची पेटी टेबलावर ठेवली आणि ते म्हणाले, "तेव्हा पण वाटत होतं, साहेब. तेव्हा बोललो नाही."

त्याच आठवड्यात त्यांची बदली झाली. वाळूच्या कडेला कपडे बदलायच्या खोल्या आहेत, तिथल्या किल्ल्यांच्या खिडकीवर. फळ्यावर मेहुण्याचा जावई आला. तो हुशार आहे, रोज चौदा लिहितो आणि शनिवार-रविवार तेरा. बहीणभावाचं बोलणं दोन महिने बंद होतं. मग मेहुण्याच्या धाकट्या मुलीचं लग्न निघालं आणि सुरू झालं. चादरी-टॉवेलांचं खातं बायकोकडंच आहे. तिच्यावाचून एकोणीस खोल्यांची ब्लँकेटं कुणाला आवरणार नाहीत, हे भावालाही कळतं.

किल्ल्यांचं काम डिग्रीवाल्यांना जमलं. एकेका किल्लीला नंबराचा बिल्ला असतो. पाच नंबर मागितला की पाच नंबर द्यायचा, यात कुणाला काही सुधारणा सुचवता येत नाही. दुपारी एक ते तीन खिडकी बंद. बायको डबा घेऊन येते आणि दोघं किल्ल्यांच्या मागं बसून जेवतात.

हंगाम संपल्यावर एका दुपारी पाहुणे जवळजवळ नव्हतेच. जेवण झाल्यावर बायकोनं चपला काढल्या, धक्क्याच्या पायऱ्या उतरली आणि पाण्यात पाय घालून उभी राहिली. इतक्या वर्षांत तिला कधी उसंतच मिळाली नव्हती. डिग्रीवाले वरच्या पायरीवर बसले होते.

"कसं आहे गं?" त्यांनी विचारलं.

"गार आहे," ती म्हणाली, साडी गुडघ्यापर्यंत उचलली आणि आणखी एक पायरी उतरली.

तीन वाजता खिडकी उघडायची होती, म्हणून मग दोघं परत फिरली.